सैन्यदलातलं डेंटल असिस्टंटचं प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आर्मी डेंटल कोअरमधून निवृत्त झालो. सध्या दादरच्या एका दातांच्या दवाखान्यात दोन्ही वेळ खुर्चीशेजारी उभा असतो. पहाटे शिवाजी पार्कात भरतीची तयारी करणारी पोरं भेटतात आणि संध्याकाळी त्यांचे आईवडील दवाखान्यात दाढ दाखवायच्या निमित्ताने तेच प्रश्न विचारतात. गेली काही वर्षं तीच तीच उत्तरं देतोय, म्हणून एकदाची लिहून काढली. लष्कराचं सांगतो ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे. नौदलाचं सांगतो ते मुंबईच्या पोरांना जवळचं आणि जास्त उपयोगाचं, म्हणून घातलंय.

काका, थेट 'डेंटल असिस्टंट' म्हणून भरती होता येतं का?

नाही. अशी जाहिरात शोधत बसू नका. आधी वैद्यकीय शाखेत शिपाई किंवा नाविक म्हणून आत जायचं. लष्करात त्या पदाला सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट म्हणतात, नौदलात एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट) मेडिकल असिस्टंट. दातांची खुर्ची त्यानंतर येते. ती मिळेलच याची हमी कुणी देत नाही, आणि मी देतोय असं समजू नका.

मग या कामाच्या माणसाला सैन्यात म्हणतात तरी काय?

डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट. एवढं लांब कुणी बोलत नाही, सगळे 'डोरा' म्हणतात. माझ्या आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं, "मला डोरा ट्रेड मिळाला," तेव्हा ती म्हणाली, "दोरा? शिवणकामाला लावलं काय रे?" डोराखेरीज दात स्वच्छ करणारा हायजिनिस्ट आणि कवळ्या-कॅप बनवणारा टेक्निशियन हे वेगळे ट्रेड आहेत. डेंटल कोअर १ फेब्रुवारी १९४१ ला उभी राहिली आणि नाव 'आर्मी' असलं तरी भूदल, नौदल, हवाई दल तिघांचेही दात हीच कोअर बघते.

पात्रता काय लागते?

बारावी सायन्स. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवंच, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ४० टक्के. लष्कराच्या नर्सिंग असिस्टंटला इंग्रजीही त्या विषयांत धरतात. 'बायो सोडून मॅथ्स घेतलं, चालेल का?' याचं उत्तर नाही असं आहे. दर वर्षी दोन-चार जण हे बारावीनंतर विचारतात आणि मला वाईट वाटतं, कारण हा प्रश्न अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी विचारायचा असतो.

वयाची अट त्या त्या जाहिरातीत जन्मतारखांच्या रूपात दिलेली असते. साडेसतरा पूर्ण हवं एवढं धरून चाला आणि वरची मर्यादा जाहिरातीतच बघा, कारण लष्कर आणि नौदल यांची वेगवेगळी आहे.

हे अग्निवीरमध्ये येतं का? चार वर्षांनी घरी पाठवतील का?

हा प्रश्न वडील विचारतात, पोरं नाही. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. त्यात चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के लोकांना कायम ठेवतात. अलीकडच्या भरत्यांमध्ये लष्कराचे नर्सिंग असिस्टंट आणि नौदलाचे मेडिकल असिस्टंट ही दोन्ही पदं अग्निवीरच्या बाहेर, नियमित नोकरीची होती. तुमच्या हातात जी जाहिरात असेल तिचं पहिलं पान मात्र स्वतः वाचा. मित्राच्या व्हॉट्सअॅपवरचा स्क्रीनशॉट वाचून फॉर्म भरू नका.

राहतो लालबागला, पण गाव रत्नागिरीकडचं. कुठल्या भरतीला जायचं?

मुंबईतल्या निम्म्या मराठी पोरांचा हा घोळ असतो. लष्करात जिल्ह्याप्रमाणे भरती कार्यालयं वाटलेली आहेत. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड हे मुंबईच्या कार्यालयाकडे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग मात्र कोल्हापूरच्या कार्यालयाकडे. तुमचा अधिवासाचा दाखला ज्या जिल्ह्याचा, तिथे तुमचा नंबर. तुम्ही झोपता कुठे याला अर्थ नाही.

माझ्याबाबतीत झालं ते असं. मी ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळीत वाढलो, शाळेचा दाखला मुंबईचा, आणि वडिलांनी हौसेने अधिवास गुहागरचा काढून ठेवला होता. कागद तपासणाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले, माझ्याकडे बघितलं आणि रांगेतून बाहेर काढलं. पहाटे तीनपासून उभा होतो. तेव्हा एकाच जिल्ह्याचे सगळे कागद काढा, त्यावरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. आईचं नाव एका कागदावर 'सुनिता' आणि दुसऱ्यावर 'सुनीता' असेल, तर ते आजच दुरुस्त करून घ्या.

धावायचं किती?

१.६ किलोमीटर. लष्करात साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण गुण, शिवाय दहा बीम म्हणजे पुलअप, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं आणि नागमोडी फळीवर तोल. नौदलात हेच अंतर ६ मिनिटं ३० सेकंदांत, जोडीला २० उठाबशा, १५ पुशअप आणि १५ सिटअप. शिवाजी पार्काचा कट्टा धरून धावणाऱ्यांनो, मैदानावर एकदा तरी मोजून धावा. कट्ट्याची एक फेरी अंदाजे किती, यावर भरती होत नाही.

माझेच दात किडलेत. दातांच्या कामाला घेतील का?

कामाचं सोडा, कुठल्याही पदाला घेताना दात मोजतात. याला डेंटल पॉइंट म्हणतात आणि हा हिशेब आधी कळला तर पुष्कळ जणांचा एक हेलपाटा वाचेल.

समोरचे चार दात, सुळा आणि उपदाढा यांना प्रत्येकी एक गुण. दाढांना प्रत्येकी दोन. पण गुण एकट्या दाताला मिळत नाही, जोडीला मिळतो: वरच्या दाताला खाली चावायला जोडीदार हवा. खालची दाढ काढलेली असेल तर तिच्या वरची धडधाकट दाढही शून्य. अशा हिशेबाने पूर्ण ३२ दातांचे २२ गुण होतात. अक्कलदाढा अर्धवट आल्या असतील तर २०. पास व्हायला किमान १४ लागतात. शिवाय समोरच्या सहापैकी चार आणि मागच्या दहापैकी सहा दात समोरासमोर भिडायला हवेत. हिरड्या पायोरियाने गेल्या असतील तर गुण भरूनही उपयोग नाही.

मी स्वतः पहिल्या खेपेला यातच अडकलो. आठवीत एक दाढ काढून टाकलेली होती, तिचे दोन गुण गेले तरी मी वीसवर होतो, म्हणजे आरामात. पण दोन दाढांना उघडी कीड होती. डॉक्टरसाहेबांनी आरसा फिरवला, मागे बसलेल्याला दोन आकडे सांगितले आणि माझ्या कागदावर 'तात्पुरता अपात्र' असा शेरा आला. मग सेंट जॉर्जच्या आवारातल्या सरकारी दंत महाविद्यालयात चार चकरा मारल्या, दोन्ही दाढा भरून घेतल्या आणि पुन्हा हजर झालो. तिथे खुर्चीत तोंड वासून पडलो असताना पहिल्यांदा लक्षात आलं की डॉक्टरच्या समोर बसलेला माणूस न सांगता हातात वस्तू देतोय. नोकरी काय असते ते मला तिथे दिसलं.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी दात दाखवून या, मेडिकलची तारीख आल्यावर नाही.

पहिल्या दिवसापासून दातांचं शिकवतात का?

पहिल्या दिवशी केस कापतात.

लष्करात लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटरला जावं लागतं. आधी सैनिक व्हायचं: पीटी, परेड, रायफल, रपेट, लंगरची रांग, बॅरकची सफाई. नौदलात सुरुवात ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी आयएनएस चिल्कावर होते, तिथे यात पोहणं वाढतं. मुंबईच्या पोराला पहिला धक्का थंडीचा. आम्ही स्वेटर कपाटात शोभेला ठेवणारे लोक, आणि लखनौचं जानेवारीतलं धुकं असं की फॉलिनमध्ये, म्हणजे रांगेत, पुढच्याची मान दिसत नाही. दुसरा धक्का भाषेचा. 'मेरेको', 'तेरेको' वाली आपली बंबइया हिंदी ऐकून उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, मला आठवडाभर 'हीरो' म्हणूनच हाक मारली.

रडू येतं. सगळ्यांना येतं, बाथरूममध्ये. कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. साधारण दुसऱ्या महिन्यात शरीर ऐकायला लागतं आणि मग रगडा लागला तरी लोक हसतात.

बंदूक खरंच चालवावी लागते?

हो. आधी जवान, मग असिस्टंट.

मग खुर्चीजवळ नेमकं काय शिकवतात?

बेसिक झाल्यावर वैद्यकीय पाया: शरीररचना, प्रथमोपचार, नाडी-रक्तदाब, जखमेची पट्टी, स्ट्रेचर. नौदलात हा भाग चक्क आपल्या कुलाब्यात, आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयातल्या मेडिकल असिस्टंटच्या शाळेत होतो. डेंटल ट्रेड मिळाला की दातांचं सुरू.

सुरुवात आकड्यांपासून. प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर असतो. पहिला आकडा तोंडाचा भाग सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. वरची उजवी पहिली मोठी दाढ म्हणजे १६, खालची डावी तीच दाढ ३६. उजवं-डावं पेशंटचं धरायचं, आपलं नाही. इथे नवीन पोरं हमखास चुकतात. डॉक्टर आरसा फिरवत भराभर आकडे म्हणतात, तुम्ही तक्त्यावर मांडायचे. एक आकडा उलटा लिहिला की चांगला दात खुर्चीवर येतो आणि किडका तसाच राहतो. आमचे उस्ताद बॅरकमधून लंगरकडे जाताना मध्येच ओरडायचे, "छब्बीस!" आणि आम्ही चालता चालता गालावर बोट ठेवून दाखवायचं. वरची डावी पहिली मोठी दाढ. आजही कुणी सव्वीस जानेवारी म्हटलं की माझी जीभ तिकडे जाते.

मग बसायची जागा. पेशंटचं तोंड म्हणजे घड्याळ, डोकं बारा वाजता. उजव्या हाताचा डॉक्टर सात ते बाराच्या पट्ट्यात बसतो, असिस्टंट दोन ते चारमध्ये. चार ते सात हा देवघेवीचा पट्टा, म्हणजे पेशंटच्या हनुवटीखाली. अवजार तिथूनच जायचं आणि तिथूनच परत यायचं, कधीही डोळ्यांवरून नाही. असिस्टंटचं स्टूल डॉक्टरपेक्षा थोडं उंच, म्हणजे आत दिसतं. एका हातात सक्शन, म्हणजे थुंकी ओढणारी नळी, दुसऱ्या हाताने पुढचं अवजार तयार. वापरलेलं करंगळीत घ्यायचं आणि नवीन अंगठा-तर्जनीने द्यायचं, तेही डॉक्टरची नजर तोंडातून न हलता. हे वाचायला अर्धं मिनिट लागतं, हाताला जमायला महिने जातात. आम्ही रात्री बॅरकमध्ये टूथब्रश आणि चमच्यांवर सराव करायचो.

अवजारांची ओळख डोळे मिटून घेतात. आरसा, प्रोब, चिमटा हे सोपं. पण वरची दाढ काढायचा चिमटा उजव्या बाजूचा की डावीचा, हे त्याच्या चोचीवरच्या टोकावरून कळतं. ते टोक दाढेच्या गालाकडच्या दोन मुळांच्या मध्ये बसतं. उस्ताद पाठीमागून हातात द्यायचे आणि विचारायचे. पहिल्या आठवड्यात माझी अडीचपैकी दीड उत्तरं चुकायची, म्हणजे काय ते समजा.

पुढे सिमेंट कालवणं, दातांच्या मापासाठी अल्जिनेटची पावडर पाण्यात फेटणं, एक्स-रे काढणं आणि त्यावेळचं शिशाचं एप्रन, खुर्चीत घाबरलेल्या माणसाशी बोलणं, औषधांचा साठा आणि रजिस्टर. रजिस्टरला नावं ठेवू नका. सैन्यात जे लिहिलं नाही ते घडलंच नाही.

रक्त बघून मला गरगरतं. जमेल का?

पहिल्यांदा गरगरलं तर हरकत नाही, बाजूला बसवतात आणि पाणी देतात. पहिली दाढ काढताना मला रक्ताने काही झालं नाही, आवाजाने झालं. मुळं सुटताना जो बारीक 'कट्' येतो ना, तो. समोरचा जवान सहा फुटी होता, हल्ला अंगावर घेणारा वाटावा असा, आणि त्याने माझं मनगट असं धरलं की संध्याकाळपर्यंत पाच बोटं उमटलेली होती. काही दिवसांत सवय होते. महिन्यानंतरही रोज चक्कर येत असेल तर सांगून टाकावं, त्यात लाज नाही.

सगळ्यात अवघड काय?

लोकांना वाटतं शस्त्रक्रिया. नाही. सगळ्यात अवघड आहे निर्जंतुकीकरण, कारण ते कंटाळवाणं आहे आणि त्यात चूक केली तर कुणाला दिसत नाही.

वापरलेलं अवजार आधी घासून धुवायचं, जाड हातमोजे घालून. रक्त वाळून चिकटलं असेल तर वाफ त्याखाली पोहोचत नाही, म्हणून ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेच्या यंत्राच्या, आधी ब्रश. मग वाळवायचं, पाकिटात भरायचं, तारीख टाकायची. १२१ अंश सेल्सिअसला १५ पौंड दाबावर निदान १५ मिनिटं, किंवा १३४ अंशाला तीन-चार मिनिटं. ही मिनिटं तापमान गाठल्यापासून मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. भांडं ठासून भरायचं नाही, वाफेला फिरायला जागा हवी. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे पाकीट तापलं एवढंच कळतं. आतले जंतू मेले का हे बघायला जिवंत बीजाणूंची चाचणी वेगळी करावी लागते.

एकदा संध्याकाळी उशीर झाला होता, मी ओली पाकिटं काढून कपाटात लावून टाकली. ओल्या कागदातून जंतू आत जातात हे पुस्तकात वाचलं होतं, तरी लावली. सुभेदारसाहेबांनी सकाळी एका पाकिटावर अंगठा दाबला, काही बोलले नाहीत, आणि कपाटातली झाडून सगळी पाकिटं जमिनीवर ओतली. पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं, पुन्हा भरणं. त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही, आणि मी मागितलंही नाही.

कचऱ्याचंही असंच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस आणि काढलेला दात पिवळ्या पिशवीत, सक्शनची नळी आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. चांदी भरलेला दात मात्र पिवळ्यात टाकायचा नाही. तिथला कचरा जाळतात आणि त्या चांदीत पारा असतो.

सुई टोचली तर?

टोचू नये म्हणून एक सवय लावतात: टोपण हातात धरायचं नाही. ते ट्रेवर आडवं ठेवायचं आणि एका हाताने सुई आत सरकवायची. तरीही टोचलीच तर बोट पिळायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच वरिष्ठांना सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात. लपवणारे लोक मी पाहिलेत. शिक्षेच्या भीतीने लपवतात आणि पुढचे सहा महिने झोपत नाहीत. कावीळ बी ची लस तीन डोसांची असते, आत्ताच घेऊन टाका.

सैन्याला दातांची एवढी काय पडलीये?

दातदुखी झाली की माणूस जेवत नाही, झोपत नाही, आणि चौकीवर उभा असलेला माणूस नुसता उभा राहतो. मुंबईत दाढ ठणकली तर रिक्षा करून दवाखान्यात जाता. बर्फात अडकलेल्या ठाण्यावर हेलिकॉप्टर कधी येईल ते हवामान ठरवतं. पाणबुडीतल्या माणसाचं तर विचारूच नका.

वैमानिक आणि पाणबुडे यांची आणखी एक भानगड. भरलेल्या दाताखाली हवेची बारीक पोकळी राहिली असेल तर उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, ती हवा फुगते आणि दाढ अशी कळ मारते की हात कंट्रोलवरून सुटावा. म्हणून त्यांचे दात जास्त कसून बघतात.

आणि तिसरं कारण आहे, ते आम्ही फारसं बोलत नाही. ओळख पटवायची वेळ येते तेव्हा दात शेवटपर्यंत टिकतात. तुम्ही भरलेला तक्ता तेव्हा कुणाच्या तरी घरच्यांच्या कामाचा असतो. आकडे नीट लिहा म्हणून उस्ताद का ओरडायचे, ते मला नोकरीत बऱ्याच वर्षांनी कळलं.

पोस्टिंग कुठे मिळतं?

कुठेही. मोठ्या लष्करी दंत केंद्रात, लहान छावणीत, किंवा घडीची खुर्ची आणि जनरेटर घेऊन डोंगरात. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथल्या थंडीत सिमेंट लवकर आवळत नाही, दात भरायच्या कॉम्पोझिटची सिरिंज दगडासारखी होते, आणि भूल द्यायचं औषध थंडगार टोचलं की जवान शिव्या घालतो. म्हणून मी बाटली सकाळपासून आतल्या खिशात ठेवायचो. मुंबईत बरोबर उलट. मे महिन्यात नळाच्या कोमट पाण्यात अल्जिनेट कालवलंत तर तोंडात जायच्या आधी वाटीतच बसतं, फ्रिजमधलं पाणी घ्यावं लागतं. आणि जुलैत पावडरची बरणी उघडी राहिली की दमट हवा खाऊन गोळे होतात. पुस्तक दोन्हीकडे एकच.

नौदलात गेलात तर कुलाब्यातच दातांचं केंद्र आहे, आयएनडीसी दंतेश्वरी. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

मुलींना येता येतं का?

या दोन पदांना अलीकडच्या जाहिरातींत फक्त मुलगेच होते. मुलींनी म्हणून निराश व्हायचं कारण नाही, वेगळ्या वाटा आहेत आणि त्या अधिकाऱ्याच्या आहेत. बीडीएस म्हणजे दंतवैद्यकाची पदवी करून, नीट एमडीएसचे गुण आणि मुलाखत यांवर डेंटल कोअरमध्ये अधिकारी होता येतं. किंवा बारावीनंतर नीट देऊन मिलिटरी नर्सिंगच्या बीएस्सीला जाता येतं. देशात त्याची सहा कॉलेजं आहेत, त्यातलं एक आपल्या अश्विनीत आणि एक पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. काळाचौकीच्या एका मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिची आई म्हणाली, "भाऊ, मग तिला पोरगा सॅल्यूट मारणार?" हो ताई, मारणार.

पगार?

नौदलात प्रशिक्षणात महिना १४,६०० रुपये स्टायपेंड. ते संपल्यावर लेव्हल ३ म्हणजे मूळ वेतन २१,७०० पासून, त्यावर ५,२०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता. लष्कराच्या शिपायाचं मूळ वेतनही त्याच लेव्हलचं. राहणं, जेवण, कपडे, औषधं आतच.

यूट्यूबवर '६८-ई'चे व्हिडिओ बघितले. आपल्याकडे तसंच असतं का?

ते अमेरिकन सैन्याचं आहे. तिथे भरतीच्या वेळीच ट्रेड ठरवून करार करता येतो, ६८-ई म्हणजे त्यांचा डेंटल स्पेशलिस्ट. दहा आठवडे बेसिक करून मग टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला, तिन्ही दलांच्या सामायिक वैद्यकीय संस्थेत शिकतात. त्यासाठी तिथलं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. अवजारं कशी धरतात, ट्रे कसा लावतात हे बघायला ते व्हिडिओ झकास आहेत, दाताच्या आकड्यांना मात्र बघू नका. ते दात १ ते ३२ असे सलग मोजतात, आणि तुम्ही त्यांचं '१६' पाठ करून आलात तर आपल्याकडे दुसऱ्याच दाढेवर बोट ठेवाल.

डेंटल ट्रेड नाहीच मिळाला तर?

तर वॉर्ड, लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर यांपैकी कुठेतरी. माझ्या बॅचचा एक जण दातांसाठी देव पाण्यात घालून बसला होता, त्याला लॅब मिळाली, आणि आज बदलापुरात त्याची स्वतःची रक्ताचे नमुने घ्यायची दोन दुकानं आहेत.

सुटल्यावर मुंबईत काय करायचं?

माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या आरोग्य योजनेचे पॉलिक्लिनिक आहेत. तिथे दंत सहायकाच्या जागा कंत्राटावर निघतात आणि पात्रतेत सैन्यदलाचा 'डोरा' कोर्स नावानिशी धरलेला असतो. बाहेरच्या दवाखान्यात असिस्टंटला नोंदणी लागत नाही, हायजिनिस्ट आणि टेक्निशियन यांना मात्र कायद्याप्रमाणे लागते. पैसे? खरं सांगायचं तर खाजगीत असिस्टंटला कमी देतात. माझी पेन्शन आहे म्हणून मी हौसेने उभा राहतो. पेन्शन नसलेल्या, चाळीस पेशंट काढणाऱ्या आणि जेवायला उभ्या उभ्या वडापाव खाणाऱ्या मुली मी रोज बघतो, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा साफ आहे.

एक साहेब म्हणतात, तीन लाखांत सेटिंग करून देतो.

त्याला म्हणावं, चहा पाजतो, बस आणि जा. निवड मेरिटवर होते. खर्च म्हणाल तर परीक्षेची फी. नौदलाची अलीकडे ५५० रुपये अधिक जीएसटी होती. मेडिकलला 'आत ओळख आहे' सांगणारे पैसे घेतात, तुम्ही स्वतःच्या दातांवर पास झालात तर ठेवून घेतात आणि नापास झालात तर फोन बंद.

पोरगा पुढे डॉक्टर होईल ना?

ताई, नाही. असिस्टंटचा डॉक्टर आपोआप होत नाही, त्याला बीडीएसच करावं लागतं. लग्नाच्या बायोडेटात 'आर्मी डॉक्टर' लिहू नका. माझ्या वेळी मावशीने लिहिलं होतं, आणि मुलीच्या काकांनी चहा पितापिता दाढ दाखवायला तोंड उघडलं.

आत्तापासून घरी काय करू?

नखं मुळापर्यंत कापायची सवय लावा. डाव्या हाताने ब्रश करायला शिका, सक्शन बहुतेक वेळा तुमच्या कमजोर हातात येणार आहे. आरशासमोर उभं राहून स्वतःचे ३२ नंबर म्हणा, उजव्या-डाव्यासकट. बायोलॉजीचं पुस्तक विकू नका. आणि एखाद्या रविवारी आईला ताट वाढताना बघा: ती न बघता डाव मागे टाकते आणि चमचा पुढे घेते. मी आमच्या दवाखान्यातल्या नवीन पोरीला हेच बघून यायला सांगितलं होतं. सोमवारी आली ती म्हणाली, "काका, आई वाढताना बोलतच नाही." मग आम्ही ट्रे लावायला घेतला.